कानाडोळा

व्हॉट्सॲपवर हल्ली ग्रुप गुपचूप सोडता येतो. पूर्वी 'अमुक यांनी ग्रुप सोडला' अशी राखाडी ओळ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उमटायची. ती बंद करत असल्याचं कंपनीने ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केलं आणि तेव्हापासून कोण उठून गेलं याची सूचना फक्त ॲडमिनला मिळते. आमच्या घरच्या ग्रुपची ॲडमिन मी आहे. त्यामुळे त्या दिवशी पहाटे सहाला ६३ चे ६२ झाले आणि गेले ते भावजी, हे माझ्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं.

आदल्या रात्री पावणेअकराला मधल्या काकांनी एक फॉरवर्ड टाकला होता. एका समाजाबद्दलचा. त्यात काय होतं ते लिहीत बसत नाही. तसले दहा तुम्हीही वाचले असतील, समाजाचं नाव तेवढं बदलतं. डोक्यावर दुहेरी बाण होता, म्हणजे बऱ्याच हातांतून फिरून आलेला माल. अशा मेसेजला एप्रिल २०२० पासून लगाम आहे: तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे ढकलता येतो. काकांनी ते एक ठिकाण निवडलं ते आमचं. दोन मिनिटांत चार अंगठे आले. मग बहुधा कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, कारण चाराचे तीन झाले. भावजी त्याच समाजातले. माझ्या आतेबहिणीचे यजमान, लग्नाला अकरा वर्षं झालेली, ग्रुपमध्ये अगदी पहिल्या दिवसापासून.

"काका, डिलीट करा हे," असं धाकट्या चुलतभावाने लिहिलं आणि तिथून सुटलं ते सुटलंच. सकाळपर्यंत १४० मेसेज. पहिले तीसेक मूळ विषयावर होते. पुढे इतिहास आला, मग देशप्रेम, आणि दीडच्या सुमाराला गाडी 'आजी आजारी होती तेव्हा कोण किती वेळा आलं' या स्टेशनात शिरली. घरातलं कुठलंही भांडण शेवटी तिथेच येऊन थांबतं, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. मी मेसेज इन्फो उघडून पाहिलं. भावजींनी तो फॉरवर्ड १० वाजून ४६ मिनिटांनी वाचला होता. पुढचंही सगळं वाचत होते. एक अक्षर लिहिलं नाही.

काकांनी नंतर मेसेज काढून टाकला. पण काढलेल्या मेसेजच्या जागी 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशी पाटी राहते. ती अजूनही आहे.

आणि सात वाजता, नेहमीप्रमाणे, आत्याने त्या दिवसाचं कोडं टाकलं.

आत्याबद्दल थोडं सांगायला हवं. भावजी तिचे जावई आणि मधले काका तिचा पाठचा भाऊ. पन्नाशीनंतर तिला ऐकू येणं कमी होत गेलं, आणि फोन तर तिच्या आयुष्यातून संपलाच. चारचौघांत ती सगळ्यांकडे बघून हसायची. ते हसू फार दमलेलं असायचं हे आता जुने फोटो पाहताना कळतं; तेव्हा आम्ही 'आत्या शांत आहे' अशी समजूत करून घेतली होती. एक तपभर तरी ही शांतता चालली. मग आजीच्या आजारपणात निरोप द्यायला सोपं पडावं म्हणून मी हा ग्रुप काढला, आत्याच्या नातवाने तिला टाइप करायला शिकवलं, आणि तिच्या सत्तरीत आम्हाला शोध लागला की आमची आत्या भयंकर विनोदी आहे. लोकांची बोलण्याची लकब ती दोन ओळींत अशी पकडते की ज्याची नक्कल तोही हसतो. रोज सकाळी सातला एक शब्दकोडं. जो पहिलं उत्तर देईल त्याला ती 'पंडित' म्हणते आणि जो चुकेल त्यालाही 'पंडित'च म्हणते, फक्त अवतरणचिन्हांत. हा माणूस आमच्याच घरात होता आणि आम्हाला तो भेटला नव्हता. समाजमाध्यमांनी माणसं तोडली असं कोणी सरसकट म्हणायला लागलं की मला आत्या आठवते आणि माझी मान हलायची थांबते.

तर, १४० मेसेजच्या ढिगाऱ्याखाली आत्याचं कोडं. तिने ते सगळं वाचलं होतं यात शंका नाही, ती वाचत नाही असं काही नसतं. तरी कोडं टाकलं. बराच वेळ कोणी उत्तर दिलं नाही. शेवटी मधल्या काकांनी दिलं. चुकीचं दिलं. आत्याने लिहिलं, "पंडित". अवतरणचिन्हांशिवाय.

मराठीत न बघण्याला किती शब्द आहेत बघा. कानाडोळा, डोळेझाक, दुर्लक्ष हे तर आहेतच. शिवाय आपण एखादी गोष्ट पोटात घालतो, मनावर घेत नाही, या कानाने ऐकून त्या कानाने सोडतो, ऐकून न ऐकल्यासारखं करतो, तिच्यावर पांघरूण घालतो. मूठ झाकलेली असेल तर सव्वा लाखाची, आणि उघडली की सगळं चव्हाट्यावर. आणि या शब्दांचं वजनही सारखं नाही. डोळेझाकेत थोडा गुन्हा आहे. ती करणाऱ्याकडे काहीतरी कर्तव्य असतं आणि ते त्याने टाळलेलं असतं. कानाडोळा हलका. 'पोटात घालणे' मात्र जड, कारण त्यात माया आहे आणि घालणाऱ्याचं पोट दुखतं. भाषा एवढा ऐवज उगाच जमवत नाही. एका छपराखाली, एका आळीत, शेजारीपाजारी राहणाऱ्या माणसांना रोज लागणारी ती अवजारं आहेत.

फोनमध्ये यांतलं एकही नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या टिका आल्या आणि 'मी वाचलंच नाही' ही सबब गेली. दोघांतल्या गप्पांत त्या टिका बंद करायची सोय आहे. ग्रुपमध्ये तीही नाही. म्यूट आहे म्हणा. पण म्यूट म्हणजे कानाडोळा नव्हे. म्यूट केलं की तुम्ही तिथे नसताच. कानाडोळा करायला तिथे असावं लागतं, समोरच्याला दिसावं लागतं की याने ऐकलं आहे आणि सोडून दिलं आहे.

काकांची मतं आम्हाला काल कळली असं थोडंच आहे? ती पंचवीस वर्षं तशीच आहेत. जुने ट्रान्झिस्टर दुरुस्त करणं हा काकांचा छंद, भावजींनाही इलेक्ट्रॉनिक्सचा नाद. एका टेबलावर डोकी जोडून दोघं तासन्‌तास बसायचे, सोल्डरच्या धुराने डोळे चुरचुरेपर्यंत. त्याच खोलीत भावजी यायच्या पाच मिनिटं आधी काका कोणाशी तरी ते फॉरवर्डमधलंच काहीतरी बोलत असायचे, आणि भावजी दारात दिसले की विषय बदलायचे. मी ते पाहिलेलं आहे. वीस-बावीस वर्षांची असताना मला याचा संताप यायचा. ढोंग वाटायचं.

आता तितकी खात्री वाटत नाही. माणूस दारात दिसल्यावर जीभ आवरायची ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. त्यात समोरच्याच्या मनाची कुठेतरी दखल आहे. फॉरवर्ड करताना काकांना दार दिसलं नाही, एवढंच झालं. दार नव्हतंच. ६३ माणसं एकाच खोलीत होती आणि खोली रिकामी वाटत होती. आपण भावाशी जे बोलतो, भाचीशी जे बोलतो आणि जावयाशी जे बोलतो, त्या तीन वेगवेगळ्या भाषा असतात. इथे एकदाच बोलायचं आणि ते सगळ्यांना एकाच वेळी ऐकू जायचं.

हे दार कधी निखळलं त्याची एक तारीखसुद्धा देता येते. ५ सप्टेंबर २००६ ला फेसबुकने न्यूज फीड सुरू केली. त्याआधी कोणाच्या आयुष्यात काय चाललंय हे बघायचं तर त्याच्या पानावर जावं लागायचं. म्हणजे उठून, चालत, मुद्दाम. आता ते सगळं न मागता पुढ्यात येऊन पडू लागलं. फेसबुक तेव्हा मुख्यतः विद्यार्थ्यांचं होतं आणि ते खवळले. काही दिवसांत लाखो जण निषेधाच्या गटात सामील झाले. आता गंमत अशी, की तो गट एवढा फोफावला तो फीडमुळेच. आपला मित्र सामील झाला हे फीडनेच तर सांगितलं! 'शांत व्हा. श्वास घ्या. आम्ही ऐकतोय,' अशा मथळ्याचं उत्तर झुकरबर्ग यांनी लिहिलं. काही सोयी वाढवल्या, फीड राहिली. कंपनीचं म्हणणं असं की नवीन काहीच उघड झालेलं नाही, मित्रांना जे आधीही बघता येत होतं तेच दिसतंय. म्हणणं बरोबर होतं. आणि तरी सगळं बदललं होतं, कारण बघता येणं आणि बघावं लागणं यांच्यामध्येच तर कानाडोळ्याची जागा असते.

त्यानंतर जे झालं ते हिशेबाचं काम. २००९ मध्ये लाइकचं बटण आलं, २०१६ मध्ये त्याच्या जोडीला हसरा, रडका, रागावलेला असे चेहरे आले. २०२१ मध्ये कंपनीच्या आतली कागदपत्रं बाहेर आली तेव्हा कळलं की कुठली पोस्ट वर चढवायची हे ठरवताना २०१७ पासून या चेहऱ्यांना लाइकच्या पाचपट वजन होतं. म्हणजे एक लाल तोंड बरोबर पाच अंगठे. २०२० मध्ये रागाचं वजन शून्यावर आणलं गेलं. कोणीतरी टेबलावर बसून रागाचा भाव पाचावरून उतरवत उतरवत शून्यावर आणला, हे वाचल्यावर मी थोडा वेळ नुसतीच बसून होते. मधल्या वर्षांत आपण कोणाकोणावर चिडलो होतो, हे आठवत.

पण सगळं खापर यंत्रावर फोडायची मला सवलत नाही. आमचं भांडण व्हॉट्सॲपवर झालं आणि तिथल्या ग्रुपमध्ये कुठला मेसेज वर, कुठला खाली हे कोणी ठरवत नाही. जो आधी आला तो आधी. दुहेरी बाणाला लगाम घातल्यावर तसले मेसेज सत्तर टक्क्यांनी घटले असं कंपनीने सांगितलं होतं. ते खरं धरलं तरी उरलेल्या तीसांतला एक काकांच्या बोटाने आला. रागाला पाचपट भाव द्यायला आमच्याकडे कोणी इंजिनिअर बसलेला नव्हता. तो आम्हीच दिला.

दोन दिवसांनी मी भावजींना फोन केला. ताईने उचलला आणि काही न बोलता त्यांच्याकडे दिला. मी काहीतरी सारवासारव करायला लागले तसं ते म्हणाले, "अगं, मला काय माहीत नव्हतं का? दारात माझी चप्पल वाजली की आवाज बदलायचे. अकरा वर्षं ऐकतोय." मग जरा थांबून म्हणाले, "पण मी ते ऐकू नये असं त्यांना वाटायचं ना. तेवढं मला पुरायचं."

मला यावर काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी हे धाकट्या चुलतभावाला सांगितलं, जरा हळवी होऊनच सांगितलं असेन, तर तो उसळला. "आणि हे तुला छान वाटलं? त्यांनी अकरा वर्षं पोटात घातलं, आणि काकांनी काय घातलं पोटात? ज्याच्या पायावर पाय पडतो त्यानेच दर वेळी सॉरी म्हणायचं?"

यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. कानाडोळा करायची पाळी घरात नेमकी कोणाकोणावर येते याची यादी केली तर ती फार एकसारखी निघते. सुना, धाकटे, परके, कमावत नसलेले. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बायकांनी 'मी टू' लिहायला सुरुवात केली तेव्हा झाकलेल्या मुठी उघडल्या त्या उघडायलाच हव्या होत्या. हे दोन शब्द घेऊन तराना बर्क २००६ पासून काम करत होत्या. पण जगभरातल्या अनोळखी बायकांनी एकमेकींना ओळखलं ते या पडद्यावर. तिथे कोणी 'सोडून दे, मनावर घेऊ नकोस' म्हणालं असतं तर? म्हणत होतेच की, पिढ्यान्‌पिढ्या. माझ्या लाडक्या शब्दाची ही दुसरी बाजू चुलतभावाने माझ्यापुढे ठेवली आणि मी ती बाजूला सारू शकत नाही.

मधल्या काळात मी यावर सापडेल ते वाचत सुटले. अस्वस्थ झाले की मी वाचते. त्याने काही होत नाही, हातांना उद्योग मिळतो. 'आपण आपापल्या कंपूत कोंडले गेलोय, दुसऱ्या बाजूचं कानावर पडलं की शहाणे होऊ,' असं आपल्याला नेहमी सांगतात. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या ख्रिस बेल यांनी सहकाऱ्यांबरोबर हे करूनच पाहिलं. ट्विटरवरच्या रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट लोकांना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध बाजूची मतं ऐकवली. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले: रिपब्लिकन आधीपेक्षा ठळकपणे कट्टर झाले. डेमोक्रॅट किंचित सरकले, तेही आपल्याच बाजूला, पण तो फरक धरावा इतका नव्हता. हे वाचून मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. काका आणि चुलतभाऊ एकमेकांचं ऐकून निवळतील ही माझी आशा फोल असेल, तर मध्यस्थी जमली नाही याचा दोष तेवढा कमी.

त्याच वर्षी अमेरिकेतच काही लोकांनी चार आठवडे फेसबुक बंद ठेवून पाहिलं होतं. त्यांना बातम्या कमी कळल्या, राजकीय ताठरपणा थोडा उतरला आणि मन जरा हलकं झालं. म्हणजे झालं की उत्तर, बंदच करा!

पण मग बोस्नियाचा अभ्यास हाती लागला. १९९० च्या दशकातल्या युद्धाने तिथले समाज एकमेकांपासून इतके तुटले की आजही पुष्कळशी माणसं आपल्याच लोकांत जगतात. जुलै २०१९ मध्ये, स्रेब्रेनिकातल्या हत्याकांडाचा स्मृतिदिन येतो त्याच आठवड्यात, काही जणांनी फेसबुक बंद ठेवलं. जुन्या जखमा उघडण्याचा हाच काळ, तेव्हा त्यापासून लांब राहिलेले निवळतील असा अंदाज. झालं उलटं. ज्यांनी बंद ठेवलं त्यांचं दुसऱ्या समाजाबद्दलचं मत जास्त वाईट निघालं. संशोधकांना कारण दिसलं ते त्यांच्या भोवतालात: फोन खाली ठेवून ही माणसं गेली कुठे, तर आपल्याच लोकांत. ज्यांच्या रोजच्या जगण्यात दुसऱ्या समाजाचं कोणी नव्हतं, त्यांच्या बाबतीत हा परिणाम ठसठशीत होता. पडद्यावर निदान दुसरा चेहरा तरी दिसत होता.

हे वाचलं आणि मला काकांचं टेबल आठवलं. भावजी ग्रुपमधून गेले तसे टेबलावरूनही गेले आहेत, हे मला ताईकडून कळलं. आता काकांच्या रोजच्या जगात त्या समाजाचं कोण उरलं? दुहेरी बाणवाले मेसेज.

वाचलेल्यांतला एक अभ्यास मात्र डोक्यातून जात नाही. तो फेसबुकनेच केलेला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला. ३९ लाख लोकांवर १७ दिवस नजर ठेवून त्यांनी मोजलं की माणसं लिहायला घेतात आणि न पाठवता सोडून देतात असं किती वेळा होतं. निदान एकदा तरी असं करणारे ७१ टक्के निघाले. काय लिहिलं होतं ते साठवलं नव्हतं, फक्त लिहून पुसलं एवढीच नोंद. आणि निबंधात म्हटलं होतं की असं झालं की साइटचंही नुकसान होतं, कारण तेवढा मजकूर कमी पडतो.

मजकूर कमी पडतो! माझ्या आजीने आयुष्यभरात किती मजकूर कमी पाडला असेल याचा हिशेब कोणी केला तर कंपनीचं दिवाळं निघेल. पण त्या आकड्याने मला बरंही वाटलं. शंभरांतले एकाहत्तर. म्हणजे अवजार अजून गंजलेलं नाही, फक्त कोणाला दिसत नाही. समोर बसून आपण गप्प राहिलो की आपली चुप्पी समोरच्याला पोचते. इथे लिहून पुसलेलं कोणापर्यंत जात नाही, असं मला वाटायचं.

आठवड्याने काकांचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला. काका असे कधी लिहीत नाहीत. "जावईबापू दिसत नाहीत हल्ली. बरे आहेत ना?"

मी लिहिलं, "ते ग्रुप सोडून गेले काका, त्याच रात्री." पुसलं. लिहिलं, "तुम्हीच फोन करून विचारा ना." पुसलं, विचारतील आणि भलतंच काहीतरी बोलतील. "हो, बरे आहेत" एवढं लिहून पाठवायच्या खुणेवर बोट नेलं, आणि चुलतभाऊ आठवला. पुसलं. मग बरंच मोठं काहीतरी लिहायला घेतलं, त्यात ट्रान्झिस्टर होते, दारातली चप्पल होती, आत्याचं कोडं होतं, चार अंगठ्यांतला एक माझा होता हेही होतं. वाचलं. पुसलं.

वर काका ऑनलाइन दिसत होते. त्यांच्या पडद्यावर माझ्या नावाखाली 'टायपिंग…' येत असणार, जात असणार, पुन्हा येत असणार. दहा मिनिटं तरी झाली असतील. मग त्यांच्याकडूनच मेसेज आला.

"राहू दे गं. कळलं."